क्लिक ट्रॅकवर गोंधळ घालता येतो का?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

शीर्षकातली कोटी हेतुपुरस्सर आहे, पण प्रश्न खरा आहे.

मी पुण्यात एका लहान स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करतो. गेल्या महिन्यात एक बँड आला. गिटार, बेस, ड्रम्स, आणि सोबत बार्शीकडचे एक गोंधळी काका. गळा आणि संबळ दोन्ही त्यांचंच, तुणतुण्यावर पुतण्या. देवीचं आवाहन घ्यायचं आणि त्याच्या पाठीमागे रॉक उभा करायचा, असा बेत. बँडच्या पोरांनी मेहनत घेतली होती, खोटं कशाला बोलू. घरी सगळं बांधून आणलं होतं. लय मिनिटाला ९६ ठोके, आवाहनाला सोळा आवर्तनं, मग गिटार, मग शेवट. एकूण चार मिनिटं दहा सेकंद.

काकांना हेडफोन चढवले आणि क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी मशीनची टकटक, सोडली. टक टक टक टक. काकांनी दोन क्षण ऐकलं आणि विचारलं, "ह्ये कोन वाजवतंय?"

म्हटलं, "काका, मशीन आहे. तुम्ही त्याच्याबरोबर चालायचं."

"मग त्ये माझ्याबरोबर का चालंना?"

सगळे हसले, मीही हसलो. पण सात टेक वाया गेल्यावर हसू आटलं. काका क्लिक सोडत नव्हते, धरतही नव्हते. दर तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला पुढे सरकायचे, मशीन मागे राहायचं, मग त्यांना वाटायचं की आपलं चुकलं, आणि आवाजातला जोरच निघून जायचा. पन्नास वर्षं संबळ वाजवलेला माणूस माझ्या खोलीत नवशिक्यासारखा बसला होता. आठव्या टेकला त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "तुमचं होऊ द्या, मंग मी येतो."

मग मी बँडला चहाला पाठवलं आणि काकांना एकट्याने गाऊ दिलं. नंतर संगणकावर मोजलं. सुरुवात ९२, शेवट १२८. आणि हा चढ सरळ नाही. देवाचं नाव घेताना लय क्षणभर रेंगाळते, नाव पडलं की पुढे झेप घेते. शिवाय संबळाचा ठोका सरळ चारातही बसत नाही आणि तीनातही नाही, दोहोंच्या मधे कुठेतरी लोंबकळतो. मधल्या काळात बँडच्या ड्रमरने एका टेकचे ठोके संगणकात ओढून चौकटीत बसवले होते. ऐकलं तर संबळ गायब, शिवणयंत्र सुरू.

तर इथल्या जाणकारांना प्रश्न: लोकसंगीताचे प्रयोग आपण खूप ऐकतो. त्यात नक्की कोण कोणाच्या लयीत येतं?

---

चिंचोका७

मी पयला! नंतर वाचतो.

---

रागदारी_नको

लेख आवडला. उत्तर सोपं आहे: ज्याचे पैसे असतात त्याच्या लयीत.

---

संबळपुत्र

नमस्कार. एरवी फक्त वाचतो, आज राहवलं नाही. मी गोंधळ्याच्या घरातला. बँकेत आहे, सुटीच्या दिवशी वडिलांसोबत अजून जातो.

मंद्रसप्तक, तुमचं लयीचं मोजमाप बरोबर आहे, पण खरी अडचण लयीची नाही. खरी अडचण "सोळा आवर्तनं" ही आहे. आवाहन म्हणजे देवांना एकेक करून बोलावणं. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, सगळ्यांना गोंधळाला या म्हणायचं. ते किती जण, हे गोंधळी ठरवत नाही, यजमानाचं घर ठरवतं. त्यांचं कुलदैवत, गावदेव, शिवेवरचा म्हसोबा, कुणाच्या माहेरची देवी. एक जरी राहिलं तरी आजी आतून ओरडते. त्यामुळे आवाहन कधी आठ देवांत आटपतं, कधी वीस होतात. ते आधीच मोजून ठेवणं म्हणजे लग्नाला किती पाव्हणे येणार हे वाढप्याने ठरवणं.

लय का वाढते? चौक मांडला, दिवटी पेटली, गण झाला, तोवर लोक जेवून सुस्तावलेले असतात. त्यांना जागं करत करत पहाटेच्या आरतीपर्यंत न्यायचं असतं. रात्रभराची चढण आहे ती. तुम्ही त्यातली चार मिनिटं कापून घेतली तरी काकांच्या हाताला पुढची रात्र माहीत असते.

तुमच्या काकांनी स्टुडिओत "यजमान कोण?" असं विचारलं नाही का? माझ्या वडिलांनी नक्की विचारलं असतं.

---

मंद्रसप्तक

संबळपुत्र, दंडवत. विचारलं होतं हो! आल्या आल्या विचारलं होतं, आणि आम्हाला वाटलं की पैसे कोण देणार हे विचारतायत. बँडच्या मॅनेजरने घाईघाईने हात वर केला.

---

चिंचोका७

वरचा प्रतिसाद वाचून ऑफिसात मोठ्याने हसलो. पॉपकॉर्न घेऊन बसतोय.

---

उरणचा_खाजण

तुम्ही पुण्याची माणसं फ्युजन फ्युजन करत बसा. आमच्याकडे ते दर लगनसराईत गल्लीत चालतं, फक्त त्याला बेंजो पार्टी म्हणतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमचा बेंजो म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे. तो बुलबुल तरंग, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. मूळ जपानी, १९१२ साली नागोयात निघालेलं ताइशोगोतो नावाचं वाद्य. ते आपल्याकडे आलं, त्याला कुणीतरी पिकअप लावला, ॲम्प्लिफायरला जोडला, आणि त्याच्या शेजारी ऑक्टोपॅड, कीबोर्ड, कच्छी ढोल उभे केले. त्यावर कोळीगीत वाजतं, हिंदी सिनेमाचं गाणं वाजतं, गणपतीची आरती वाजते. जपानी वाद्य, विजेचा आवाज, आगरी हात. कुठल्या महोत्सवाने बोलावलं नाही, कुणी अनुदान दिलं नाही.

आणि लय? हळदीत नाचणाऱ्या बायका ठरवतात. बेंजोवाला त्यांच्या पायांकडे बघून वाजवतो. क्लिक बिक काय नाय.

---

रागदारी_नको

उरणचा_खाजण, +१. पण आता हळदीला बेंजो तरी कुठे राहिला? डीजे आला. पेन ड्राइव्हमधल्या गाण्याची लय कुणाच्या पायाकडे बघत नाही.

---

उरणचा_खाजण

खरं आहे. आमच्या आळीतल्या पार्टीने दोन वर्षांपूर्वी गाडा विकला.

---

शब्दवेल्हाळ

मला दोन गोष्टी वेगळ्या काढाव्याशा वाटतात. लोकधुनेवर रचना करणं एक, आणि लोककलावंताबरोबर वाजवणं दुसरं. आपण दोन्हीला एकच नाव देतो आणि मग वाद घालतो.

पहिल्या प्रकारात आपल्याकडे मोठी माणसं झाली. शांताबाई शेळक्यांनी कोळ्यांच्या बोलीत गाणी लिहिली, हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिल्या आणि "मी डोलकर" गायला लतादीदींसोबत बंगाली हेमंतकुमार. पुढे १९७७ च्या "जैत रे जैत" मध्ये महानोरांचे शब्द, ठाकर आदिवासींचं जग, पुन्हा हृदयनाथ. रंगभूमीवर १९७२ च्या "घाशीराम कोतवाल"मध्ये भास्कर चंदावरकरांनी कीर्तन, खेळे, लावणी असं सगळं एका पडद्यात ओवलं, तोही माणसांचा पडदा. अलीकडचं म्हणाल तर अजय-अतुल. २०१६ च्या "सैराट"साठी लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी वाद्यवृंद घेतला. तिथल्या व्हायोलिनवाल्याला करमाळा कुठे आहे हे माहीत असण्याची गरज नव्हती. समोर स्वरलिपी होती, ती त्याने उत्तम वाजवली. हे संगीतकाराचं काम आहे. त्यात धून घेतली जाते, माणूस नाही, आणि लय संगीतकाराच्याच हातात असते. त्यात मला काही गैर वाटत नाही.

मंद्रसप्तकांची अडचण दुसऱ्या प्रकारातली आहे. तिथे जिवंत माणूस समोर बसलाय, आणि त्याला धून समजून वापरलं जातंय.

---

रागदारी_नको

शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवतो.

---

मांडवीकाठ

गोव्यातून एक भर घालते. आमच्याकडे हे मिश्रण इतकं मुरलंय की सांधा सापडत नाही. मांडो घ्या. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, घरांत बहरलेलं गाणं, शब्द कोंकणी, सूर युरोपी वळणाचे, दोन आवाज एकमेकांच्या खाली-वर चालणारे, साथीला व्हायोलिन. आणि ताल कशावर? घुमटावर. मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं. तेच घुमट चवथीला आमच्या घरी आरतीत वाजतं, शामेळ आणि कांसाळ्यांबरोबर. एकाच वाड्यात दोन घरं, दोन देव, एक मडकं.

पूर्वी कातडं घोरपडीचं असायचं. वन्यजीव कायद्याने घोरपड मारणं बंद झालं, तशी घुमट उघडपणे वाजवायचीही चोरी झाली. आता बकऱ्याचं कातडं लावतात. मधे गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसावाद्य म्हणून जाहीर केलं. माझे मामा मात्र अजून म्हणतात की बकऱ्याच्या घुमटाला तो घुमारा नाही. ते खरं बोलतात की जुनं ते सोनं म्हणतात, ठरवता येत नाही, कारण तुलनेला जुनं घुमट आता कुणी बाहेर काढत नाही.

लयीबद्दल: मांडो संथ असतो, पण तो संपवताना दुलपदात, म्हणजे जलद गाण्यात, शिरतात, लय वाढते, लोक उठून नाचू लागतात. तुमच्या गोंधळासारखीच चढण. व्हायोलिनवाला मान हलवून सांगतो की आता पळूया. कागदावर ते कुठेच लिहिलेलं नसतं.

---

लेस्टरचा_पाऊस

तालवादक त्रिलोक गुर्टूंचं नाव अजून कसं आलं नाही? बेळगावात जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टूंचा मुलगा, वाढला मुंबईत, नाव कमावलं युरोपात जॅझवाल्यांबरोबर. १९८८ च्या "उसफ्रेत" या अल्बममध्ये आईचा आवाज आहे. ते लोकसंगीत नाही, मान्य. पण तिथे ड्रम्स, तबला, पाण्याची बादली सगळं आईच्या श्वासामागे चालतं. मुलगा असल्याचा फायदा असावा. :)

---

तापीतीर

आमच्या नंदुरबार भागाशी जोडलेलं उदाहरण देतो. दिल्लीचा "इंडियन ओशन" बँड, त्यांचं "मा रेवा". नर्मदेचं लोकगीत. त्यांचे बेसवादक राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात होते, खोऱ्यात राहिले होते. गाणं रेकॉर्ड ऐकून उचललेलं नाही, तिथे बसून अंगात भिनलेलं आहे. ते ऐकताना मला तरी गिटार उपरी वाटत नाही. दोन हजार साली आलेलं आहे, अजून जुनं झालं नाही.

---

कायदेकानू

इतका वेळ कुणी पैशाचं आणि नावाचं बोललं नाही, म्हणून नाइलाजाने.

मंद्रसप्तक, काकांना काय मिळालं? श्रेयनामावलीत काय लिहिणार आहात? माझा अंदाज: "पारंपरिक".

हा शब्द फार सोयीचा आहे. दोन प्रसिद्ध प्रकरणं सांगतो. फ्रान्सच्या "डीप फॉरेस्ट" या जोडीने १९९२ मध्ये एक अंगाईगीत इलेक्ट्रॉनिक तालावर चढवलं, ते जगभर गाजलं. मूळ आवाज सॉलोमन बेटांवरच्या मलाइता बेटावरील अफुनाक्वा नावाच्या बाईचा. ह्यूगो झेम्प या संशोधकाने तो टिपला होता आणि युनेस्कोच्या रेकॉर्डवर आला होता. झेम्पचं म्हणणं, मी परवानगी दिलीच नव्हती. गंमत पुढेच आहे. नॉर्वेचा सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक याने १९९६ मध्ये तीच धून वाजवली आणि तिला पिग्मी लोकांची अंगाई म्हटलं. म्हणजे प्रशांत महासागरातली बाई थेट आफ्रिकेत पोचली. "पारंपरिक" म्हटलं की पत्ता लिहायची गरज उरत नाही, त्याचा हा नमुना.

दुसरं जर्मनीच्या "एनिग्मा" या संगीतप्रकल्पाचं. तैवानच्या आमिस जमातीतले डिफांग आणि त्यांची पत्नी इगाय यांचा आवाज एनिग्माच्या "रिटर्न टू इनोसन्स"मध्ये आहे. ते गाणं १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रसिद्धीतही वाजलं. त्या वृद्ध शेतकरी जोडप्याला हे नंतर कळलं. १९९८ मध्ये त्यांनी दावा लावला, पुढच्या वर्षी न्यायालयाबाहेर तडजोड झाली.

आपल्याकडे धून पारंपरिक असली तरी ती गाणाऱ्याचा त्या गायनावर हक्क असतो. कॉपीराइट कायद्याचं कलम ३८, मुदत ५० वर्षं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापरात रॉयल्टीचा वाटा आणि कलावंत म्हणून नाव लावून घ्यायचा हक्कही स्पष्ट झाला आहे. धून कुणाचीच नसेल, पण तो घसा काकांचा आहे.

---

मंद्रसप्तक

कायदेकानू, तुमचा अंदाज बरोबर आहे. मसुद्यात "पारंपरिक" असंच होतं आणि काकांचं नाव "विशेष आभार"मध्ये. मानधन एकरकमी, कागद कोरा. मी तंत्रज्ञ, म्हणून गप्प बसलो होतो. हा प्रतिसाद छापून मॅनेजरला दिला. आता गायक आणि संबळवादक म्हणून नाव लागतंय, आणि वाट्याचं लेखी करायचं मान्य केलंय. झालं की इथे कळवीन.

---

रागदारी_नको

"झालं की" हे महत्त्वाचं.

---

शब्दवेल्हाळ

एक तांत्रिक शंका. तुणतुणं एकाच सुरावर बोलत राहतं. त्यावर गिटारच्या कॉर्ड्स बदलत नेल्या तर भांडण होत नाही का?

---

मंद्रसप्तक

होतं, आणि दोनदा होतं. एक म्हणजे काकांचा सूर काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध लागलेला. पुतण्याने खुंटी पिळली ती काकांच्या गळ्याकडे बघून, कुठल्या पट्टीकडे बघून नाही. शेवटी गिटार आणि बेस तिथे आणून लावले. कीबोर्ड असता तर एका बटणाचं काम होतं, गिटारवाल्याला अर्धा तास लागला आणि त्याने तो कुरकुरत घालवला.

दुसरं जास्त नाजूक आहे. गिटारवाल्याने आवाहनाखाली मायनर कॉर्ड धरली. कानाला छान लागली, पण काका एकदम दुःखी वाटायला लागले. देवीला हक्काने हाक मारणारा माणूस विनवण्या करतोय असं झालं. सूर एकही बदलला नव्हता! मग त्याने कॉर्ड सोडून दिली, फक्त षड्ज-पंचम धरले आणि हात संबळासारखा चालवला. तेव्हा कुठे दोघं एका खोलीत आल्यासारखे वाटले.

---

हलगीसम्राट

वातानुकूलित स्टुडिओचं दुःख आम्हाला विचारा. हलगी तापवल्याशिवाय बोलत नाही. गावात चार काटक्या पेटवल्या की काम झालं. शहरातल्या नाट्यगृहात मागच्या दाराला पेपर पेटवला तर पहारेकरी पळत आला. आता आमचा पोरगा हेअर ड्रायर घेऊन विंगेत उभा असतो. लोक फायबरची घ्या म्हणतात. तिला तापवावं लागत नाही हे खरं, पण तिला तापताही येत नाही.

---

शब्दवेल्हाळ

हलगीसम्राट, "तिला तापताही येत नाही"! वा.

अवांतर: भीमगीतांचा उल्लेख राहिला. प्रल्हाद शिंद्यांच्या पिढीने कव्वालीचा बाज मराठीत असा आणला की आज तो परका आहे हे सांगावं लागतं. सवाल-जवाब, टाळी, कोरस, सगळं. आता त्यांच्या पुढच्या पिढ्या रॅपमध्ये बाबासाहेब गातात. याला कुणी प्रयोग म्हणत नाही, कारण तो वस्तीत झाला, सभागृहात नाही.

---

उरणचा_खाजण

हेच तर मी म्हणत होतो.

---

मंद्रसप्तक

दुसरं सत्र काल झालं, म्हणून वृत्तांत.

या वेळी उलटं केलं. हेडफोन नाहीत, क्लिक नाही. काका आणि पुतण्या आधी, मोकळे. त्यांचा टेक झाल्यावर त्याच्या प्रत्येक आवर्तनाची लय संगणकावर नोंदवून तसा नकाशा केला, म्हणजे मशीन काकांच्या मागे चालेल असा. काकांना सांगितलं, "आता ते तुमच्याबरोबर चालतंय." त्यांनी मान डोलावली, जणू उशीर आमच्याकडूनच झाला होता. ड्रमर दोन तास घामाघूम. म्हणाला, रस्ता वळतोय कळतं, पण कधी वळणार ते कळत नाही. शेवटी त्याने पडद्यावरच्या रेघा बघणं सोडलं आणि काचेपलीकडे काकांच्या मनगटाकडे बघायला लागला. तिथून जमलं.

पण सांगायचं ते वेगळंच. संबळपुत्र यांचं वाचून मी या वेळी आधीच म्हटलं, "काका, यजमान ही सगळी पोरं. त्यांना विचारा." काकांनी एकेकाला कुलदैवत विचारलं. ड्रमर जेजुरीचा. बेसवाल्याला माहीत नव्हतं, त्याने आईला फोन लावला, तिकडून माहूर आलं. गिटारवाला वसईचा, ख्रिस्ती. तो ओशाळून म्हणाला, "काका, आमच्यात कुलदैवत नसतं."

"मग आई जत्रंला कुठं जाते?"

"वांद्र्याला. मोतमावलीला."

काकांनी दोनदा ते नाव पुटपुटून बघितलं, मात्रा मोजल्यासारखं. आणि टेकमध्ये, माहूरच्या रेणुकेनंतर, एकाही ठोक्याची चूक न करता, "वांद्र्याची मोतमावली, गोंधळाला ये." गिटारवाल्याचा हात तिथे थांबलाय. त्याच्या पुढची दोन आवर्तनं गिटार नाहीच.

आता मॅनेजर म्हणतोय, गाणं सहा मिनिटांवर गेलं, ती दोन आवर्तनं रिकामी वाटतात, गिटार परत वाजवून भरून टाक. पोरगा नाही म्हणतोय. फाइल माझ्यासमोर उघडी आहे. काय करू?

---

मांडवीकाठ

हात लावू नका.

---

संबळपुत्र

वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, देवी आली तर बसायला जागा नको का.